शब्दातून उतरलेला माणूस

माझा भाचा तीन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त जकार्ताला गेला. पहिल्याच आठवड्यात त्याचा त्याच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला फोन आला. घर, जेवण, पाऊस असे सगळे सांगून झाल्यावर तो सहज म्हणाला, ‘‘ऑफिसला रोज बजाजने जातो.’’ बहिणीला वाटले, मुलाने तिथे जाऊन कुणाची तरी जुनी स्कूटर घेतली. परका देश, परकी रहदारी आणि हा दुचाकीवर! मामा या नात्याने मी त्याला समज द्यावी, असे फर्मान निघाले. मी समज द्यायला फोन केला, तर तो हसतच सुटला. ‘‘मामा, बजाज म्हणजे रिक्षा! इथे रिक्षाला बजाजच म्हणतात. लिहितात बजाज आणि म्हणतात ‘बजाय’.’’

झाले होते असे की, १९७०च्या दशकात पुण्याच्या बजाज कंपनीच्या तीनचाकी रिक्षा इंडोनेशियात गेल्या आणि कंपनीचे नावच त्या वाहनाला चिकटले. आपण नाही का, कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत होतो, तसे. पुढे कळले की टांझानियात ‘बजाजी’ म्हणतात आणि इथिओपियातही ‘बजाज’च. म्हणजे दारेसलामच्या रस्त्यावर एखादी गृहस्थीण हात करून ‘बजाजी’ थांबवते आणि इकडे ज्या आकुर्डीत बजाजचे घर, तिथला माणूस हात करतो तो ‘रिक्षा’ला! हा शब्द तर थेट जपानचा. आपले नाव जगाला दिले आणि आपल्या दारातल्या वाहनासाठी शब्द मात्र उसना आणला.

उसनवारी म्हटली की माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. कुणाकडून आणले, केव्हा आणले आणि आणताना मूळ रकमेतले काय कमी झाले, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा या खात्याचा उतारा काढून बसलो.

मूळ जपानी शब्द आहे ‘जिनरिकिशा’. जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे शक्ती, शा म्हणजे वाहन. माणसाच्या बळावर चालणारे वाहन. यातले पहिले अक्षर लिहायला अगदी सोपे आहे. वरून खाली येणाऱ्या दोन रेघा, चालणाऱ्या माणसाच्या पायांसारख्या. शेवटचे अक्षर म्हणजे गाडीचेच चित्र, दोन चाके आणि मधून गेलेला आस. शब्द लिहिला की आधी माणूस आणि शेवटी त्याने ओढलेली गाडी!

जपानात १८६८ साली तोकुगावा राजवट गेली आणि रस्त्यांवरच्या चाकाच्या वाहनांना असलेले जुने निर्बंध सैल झाले. तोवर प्रवासी वाहून न्यायला ‘कागो’ नावाच्या डोल्या होत्या, दोन माणसांनी खांद्यावर घ्यायच्या. १८७० साली टोकियोत तिघांना या नव्या गाड्या बांधण्याचा आणि चालवण्याचा परवाना मिळाला. इझुमी योसुके, सुझुकी तोकुजिरो आणि ताकायामा कोसुके ही त्यांची नावे. शोधाचे श्रेय जोनाथन गोबल या अमेरिकन मिशनऱ्यालाही दिले जाते. आजारी बायकोला फिरवण्यासाठी त्याने अशी गाडी करवून घेतली, असे म्हणतात. मॅसॅच्युसेट्समधल्या एका लोहाराचेही नाव पुढे केले जाते. चालेल अशा धंद्याला बाप पुष्कळ असतात. धंदा तर असा चालला की १८७२ पर्यंत एकट्या टोकियोत सुमारे ४० हजार गाड्या झाल्या. डोली उचलायला दोघे लागत, ही एकट्याने ओढता येई. भाडे कमी, वेग जास्त. डोलीवाले बघता बघता बेकार झाले आणि त्यांतले कितीतरी रिक्षाच्या दांड्यांमध्ये येऊन उभे राहिले.

मग हा शब्द इंग्रजांच्या तोंडी पडला. ‘जिनरिकिशा’चे त्यांनी काय करावे? १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश काढला. त्यात हा शब्द ‘जेनीरिक्शॉ’ म्हणून नोंदवला आहे. जिनची झाली जेनी! ओढणारा जपानी बाप्या, आणि नाव एखाद्या मडमेचे. पुढे तीही गळाली. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची सिमल्यातल्या भुताच्या रिक्षाची एक प्रसिद्ध गोष्ट आहे, १८८५ची. तिच्या इंग्रजी शीर्षकात रिक्षा या शब्दाच्या आधी एक बारीक स्वल्पविराम वर टांगलेला आहे. काहीतरी गाळले आहे, अशी ती खूण. जे गाळले ते ‘जिन’, म्हणजे माणूस. काही काळाने छापणाऱ्यांना ती खूणही जड झाली. सिमल्याच्या चढावर एकेक रिक्षा ओढायला चार-चार माणसे जुंपलेली असत. शब्दात मात्र एकही उरला नाही.

मराठीत आल्यावर या शब्दाची मुंजच झाली म्हणायची. हिंदीत तो साधा ‘रिक्शा’ आहे, पुल्लिंगी. तिकडे ‘रिक्शा आ रहा है’. आपण त्याला ‘क्ष’ दिला आणि स्त्रीलिंगी करून शिक्षा, भिक्षा, परीक्षा, प्रतीक्षा यांच्या पंगतीला बसवले. अनेकवचनातही ‘रिक्ष्या’ केले नाही. एक रिक्षा, दहा रिक्षा, जशी एक भाषा, दहा भाषा. काही मंडळी तर ‘रिक्षेत बसलो’ म्हणतात, ‘परीक्षेत नापास झालो’च्या चालीवर. गुजराती शेजाऱ्यांनीही ‘क्ष’च लिहिला. आमच्या एका शाखेतले हेडकॅशियर हा शब्द संस्कृतातल्या ‘रक्ष्’ धातूपासून आला, असे छातीठोकपणे सांगत. उतारूंचे रक्षण करते ती रिक्षा! ते स्वतः रिक्षात बसताना समोरचा गज दोन्ही हातांनी धरून बसत, ही गोष्ट वेगळी.

मग इंजिन आले आणि मागे ‘ऑटो’ लागले. ऑटो म्हणजे ग्रीकमध्ये स्वतः. ऑटोरिक्षा म्हणजे आपल्याच शक्तीने चालणारे वाहन. हिशेब बरोबर जुळला, कारण माणूस आधीच शब्दातून उतरलेला होता. यंत्रासाठी जागा रिकामीच होती.

बाकीच्या देशांनी या वाहनाला काय काय म्हटले, त्याची यादी करू लागलो तर पुरवणीची पाने पुरायची नाहीत. फ्रेंचांनी ‘पूस-पूस’ म्हटले, म्हणजे ढकल-ढकल. थायलंडात तीन चाकांची म्हणून ‘सामलो’ आणि आवाजावरून ‘टुकटुक’. पाकिस्तानात चिनी कंपनीच्या नावावरून ‘चिंगची’. ढाक्यात पायडलची ती रिक्षा आणि इंजिनाची ती ‘सीएनजी’, म्हणजे माणूस इंधनात बसून जातो. ढाक्याच्या रिक्षा आणि त्यांवरची चित्रकला यांना २०२३ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत स्थान मिळाले. इटलीत पियाज्यो कंपनीने तीनचाकीला ‘आपे’ नाव दिले, म्हणजे मधमाशी. तीच मधमाशी आज आपल्या बारामतीच्या कारखान्यात तयार होते आणि खेड्यापाड्यांतून ‘अ‍ॅपे’ या नावाने माणसे भरून गुणगुणत फिरते. नायजेरियात तर कमाल आहे. तिथे तिला ‘केके नापेप’ म्हणतात, आणि नापेप ही त्या सरकारच्या दारिद्र्य निर्मूलन कार्यक्रमाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. त्या योजनेतून ही वाहने वाटली गेली होती. आपल्याकडे हीच चाल पडली असती, तर आपण चौकात उभे राहून ‘ए आयआरडीपी, कोथरूडला येणार का?’ असे विचारले असते.

भाच्याच्या जकार्तात बजाजच्या आधी पायडलच्या रिक्षा होत्या. त्यांना ‘बेचाक’ म्हणतात. हा शब्द तिथल्या चिनी वस्तीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ आहे घोडागाडी. पायडल मारणारा माणूस आणि नाव घोडागाडी! १९८०च्या दशकात शहर देखणे करायचे म्हणून सरकारने हजारो बेचाक जप्त केले आणि जकार्ताच्या समुद्रात नेऊन बुडवले. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये तर रिक्षा ओढणारे झुलू डोक्याला बैलाची शिंगे बांधत. पुढे ती प्रवाशांच्या करमणुकीची गोष्ट झाली. एकीकडे घोडा, दुसरीकडे बैल.

चीनची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. तिथे रिक्षाला पूर्वेच्या समुद्रापलीकडची, म्हणजे जपानची गाडी म्हणत. शांघायमध्ये भाड्याच्या रिक्षांना पिवळा रंग असे म्हणून त्या ‘पिवळ्या गाड्या’. लाओ श या कादंबरीकाराने १९३६-३७ साली पेकिंगच्या एका रिक्षावाल्यावर कादंबरी लिहिली. नायकाचे नाव श्यांग्झ. खेड्यातून आलेला, धट्टाकट्टा, निर्व्यसनी. त्याला एकच वेड, स्वतःच्या मालकीची रिक्षा. भाड्याची ओढून तो तीन वर्षे पै पै जमवतो, रिक्षा घेतो आणि ती सैनिक हिसकावून नेतात. पुन्हा जमवतो, तर एक गुप्त पोलीस धमकावून सारी पुंजी उकळतो. तिसऱ्यांदा बायकोच्या पैशाने रिक्षा येते आणि तिच्याच अंत्यविधीसाठी विकावी लागते. १९४५ साली अमेरिकेत निघालेल्या भाषांतरात अनुवादकाने लेखकाला न विचारता शेवट गोड करून टाकला. मी कादंबरी लिहितो म्हणून मला याचा राग यायला हवा आणि येतोही. पण ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्यातला लेखक नव्हे, कर्ज अधिकारी दचकला होता. कारण असा एक श्यांग्झ माझ्या टेबलासमोर बसून गेला होता.

१९८६ साली माझी बदली नागपूरला झाली, इतवारीजवळच्या एका शाखेत. मी पुण्याकडचा. एक दिवस पंचेचाळिशीचा एक माणूस आला आणि म्हणाला, रिक्षासाठी कर्ज पाहिजे. मी विचारले, लायसन्स आहे का, बॅज आहे का, परमिटचा अर्ज केला का? तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, ‘‘ते ऑटो होय साहेब. रिक्षा म्हंजे पायडलची.’’ नागपुरात रिक्षा म्हणजे सायकलरिक्षा, हे मला त्या दिवशी कळले. बाकीचे स्टाफवाले बराच वेळ हसत होते.

तो अकरा वर्षे भाड्याची रिक्षा चालवत होता. मालकाकडे अशा वीस-पंचवीस रिक्षा. रोजचे भाडे तेव्हा चार रुपये, धंदा होवो न होवो. नवी रिक्षा चौदाशेच्या आसपास. मी कागदावर गुणाकार केला. दर वर्षी एका नव्या रिक्षाची किंमत त्याने मालकाला दिली होती. अकरा वर्षांत अकरा रिक्षा, आणि स्वतःची एकही नाही. त्याला हे आकडे वाचून दाखवले, तर तो म्हणाला, ‘‘हे मला मालूम आहे साहेब, म्हणून तर आलो.’’

दुर्बलांसाठी चार टक्के व्याजाची योजना होती. तिच्यात बसवायचे ठरवले, पण शाखेत अर्जाचे नमुने होते ते मोटार वाहनांचे. इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, अश्वशक्ती. रकाना रिकामा ठेवायचा नाही असा दंडक असल्यामुळे मी प्रत्येक ठिकाणी सुवाच्य अक्षरात ‘निरंक’ लिहिले. अश्वशक्ती, निरंक. त्या वेळी जपानी शब्द ठाऊक असता तर त्या रकान्यात काय लिहायचे ते नेमके कळले असते. जामीनदार मिळेना, त्यात चार महिने गेले. अखेर त्याच्याच वस्तीतला एक नगरपालिकेचा शिपाई उभा राहिला. रिक्षा आली. पाठीमागच्या पत्र्यावर रंगाऱ्याकडून बँकेचे नाव आणि खाली ‘नजरगहाण’ असे लिहून घेतले. नजरगहाण हा आमच्या धंद्यातला मोठा सुरेख शब्द आहे. वस्तू कर्जदाराच्या ताब्यात, तिच्यावर नजर मात्र बँकेची.

वर्षभर त्याचा हप्ता कधी चुकला नाही. पिग्मी गोळा करणाऱ्या मुलाजवळ रोज दोन-तीन रुपये द्यायचा. नाणीच नाणी. मग ते थांबले. दोन महिने वाट पाहून नियमाप्रमाणे मी तपासणीला गेलो. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत रिक्षा. चाके पुसलेली, सीटवर गोधडी अंथरलेली, पाठीमागचे नाव लख्ख. माणूस नव्हता. छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होता. त्याची बायको म्हणाली, ‘‘गाडीला काही झालं नाही, साहेब. रोज पुसून ठेवतो.’’ मी चहा घेतला, शाखेत परत आलो आणि अहवाल लिहिला. तो मला शब्दशः आठवतो, कारण तसे अहवाल आम्ही शेकडो लिहीत असू. ‘वाहन प्रत्यक्ष पाहिले. सुस्थितीत आढळले.’ कर्जदार कसा आढळला, असा रकाना त्या नमुन्यात नव्हता. महिन्याभराने तो गेल्याचे कळले. मुलाने रिक्षा विकून खाते बेबाक केले. त्या वर्षी आमच्या शाखेची या योजनेतली वसुली चांगली झाली, म्हणून वरून कौतुकाचे पत्र आले. माझ्या सहीने दाखवलेल्या त्या आकड्यात त्याचेही पैसे होते.

निवृत्तीनंतर जुने न्यायनिवाडे वाचायचा नाद लागला, तेव्हा १९८० सालचा एक निकाल हाती आला. पंजाबात कायदा झाला होता की सायकलरिक्षाचा परवाना जो स्वतः चालवील त्या मालकालाच मिळेल. हेतू चांगला, पण भाड्याने चालवणाऱ्यांचे पोट त्यानेच बुडणार होते. अमृतसरच्या रिक्षावाल्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी कायदा मोडीत काढला नाही. चालवणाऱ्यालाच मालक होता यावे म्हणून राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जाची व्यवस्था निकालात घालून दिली. न्यायालयाच्या निकालपत्रात कर्जयोजना! मी नागपुरात गुणाकार करत होतो, त्याच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट. आमच्यापैकी कुणी ती वाचली नव्हती.

हाच निकाल ६ ऑगस्ट २०२५ रोजी पुन्हा बाहेर आला, आपल्या माथेरानसाठी. हाताने ओढायच्या रिक्षा कोलकात्यात अजून दिसतात. २००६ साली तिथल्या विधानसभेने त्या बंद करायचे ठरवले, प्रकरण न्यायालयात गेले आणि रिक्षा चालूच राहिल्या. पण महाराष्ट्रात, मुंबईपासून दोन-अडीच तासांवर माणूस माणसाला ओढतो, हे आपण सहलीचा भाग म्हणून स्वीकारून टाकले होते. मोटारींना बंदी असलेले गाव, त्यामुळे दस्तुरीच्या पुढे पाय, घोडा, छोटी रेल्वे नाहीतर हातरिक्षा. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या निकालाची आठवण देऊन सहा महिन्यांत ही प्रथा बंद करायला सांगितले. ज्यांचे पोट यावर आहे त्यांना गुजरातेतल्या केवडियाप्रमाणे विजेवरच्या रिक्षा भाड्याने द्याव्यात, असेही सुचवले. निकाल वाचून बरे वाटले. पण ‘भाड्याने’ या शब्दापाशी माझी नजर अडखळली. रोजचे भाडे किती आणि नव्या रिक्षाची किंमत किती, हा गुणाकार कुणीतरी आताच करून ठेवावा.

हे मी कुठल्या तोंडाने लिहितो, तेही सांगितले पाहिजे. २०१८ साली आम्ही दोघे माथेरानला गेलो होतो. पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन सहा महिने झाले होते. छोट्या रेल्वेने बाजारापर्यंत आलो. हॉटेल तिथून दीड-दोन किलोमीटर आत, लाल मातीचा चढ. घोड्यावर बसणे तिला शक्य नव्हते. हातरिक्षावाला पुढे झाला. माझ्याच वयाचा असावा, मदतीला एक पोरगा. ही बसेना. ‘‘मी हळूहळू चालेन,’’ म्हणाली. तो म्हणाला, ‘‘काकू, तुम्ही चालला तर आमचं काय चालेल?’’ अखेर बसली. मी बॅग घेऊन बाजूने चालू लागलो, तर म्हणाला, ‘‘बॅगही ठेवा साहेब, वजनाचं काही नाही.’’ मी ठेवली नाही. त्याने फार काही फरक पडला असे नव्हे.

वाटभर तिघेही गप्प होतो. पोरगा मागून ढकलत होता आणि चढावर त्या गृहस्थांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. पत्नी सबंध वेळ पुढे झुकून बसली होती, जणू तिने अंग हलके केले तर रिक्षाही हलकी होईल. हॉटेलशी पैसे दिले. जुन्या सवयीने मी रिक्षाच्या पाठीमागे जाऊन पाहिले. परवान्याचा नंबर होता, बँकेचे नाव नव्हते.

‘‘तुमची स्वतःची का?’’ मी विचारले.

‘‘माझीच,’’ तो म्हणाला. ‘‘कुणाचं काही देणं नाही.’’

दोघे परत निघाले. उतारावर रिकामी रिक्षा पुढे पळू पाहत होती आणि दोघेही तिला मागे खेचून धरत होते.